पाचट आणि सकाळचं विमान

आमचं विमानतळ टेकाडावर आहे, त्यामुळे थंडी तिथे कोल्हापूर शहराच्या आधी येते आणि शहरातून गेल्यावरही रेंगाळते. शिवाजी पेठेतून पहाटे मी स्कूटर काढते तेव्हा तालमीपुढे पोरं उघड्या अंगाने बैठका मारत असतात, आणि मी स्वेटर, त्यावर नवऱ्याचं जर्किन, त्यावर मफलर. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने एकदा विचारलं, "काय ताई, काश्मीरला निघालाय काय?" मी म्हटलं, "ये की एक दिवस माझ्याबरोबर वर. मग बघू तुझं तोंड कसं चालतंय." अजून आलेला नाही.

माझं काम हवा बघण्याचं. लोकांना वाटतं मी पाऊस सांगते. पाऊस सांगणारे वेगळे, ते मोठ्या शहरात बसतात. मी फक्त आत्ता, इथे काय आहे ते सांगते. ठरल्या वेळी गच्चीवर जायचं, चारी बाजूंना बघायचं आणि कुठपर्यंत दिसतंय ते टॉवरमधल्या साहेबांना कळवायचं. ते पायलटला सांगतात. यंत्रं आहेत, ती आकडे देतात, पण डोळ्यांनी बघणं काही सुटलेलं नाही. त्यासाठी खुणा ठरलेल्या आहेत. सगळ्यात लांब डोंगराची रांग, तिच्या अलीकडे साखर कारखान्याची चिमणी, मग गावाची पाण्याची टाकी, आणि सगळ्यात जवळ, विमानतळाच्या भिंतीपलीकडे उसाच्या रानात उभा असलेला एक आंबा. डोंगर दिसला की सगळे खूश. टाकी दिसेनाशी झाली की विमानाचं अवघड. आणि आंबाच दिसला नाही तर मी गच्चीवरूनच गेटाबाहेरच्या चहावाल्या काकूंना फोन करते, "काकू, मोठं पातेलं ठेवा," कारण मग सगळ्यांनाच बसून राहायचं असतं.

हे बसून राहणं हीच आमच्याकडची थंडीतली खरी मजा. मोठ्या विमानतळावर उशीर झाला की माणसं एकमेकांकडे पाठ करून मोबाइल बघतात म्हणे. आमच्याकडे पहिला चहा संपायच्या आत नातं निघतं. "तुम्ही वडगावचे? पेठ वडगावचे? मग आमच्या मावशीचे दीर तुमच्याच गल्लीत की हो!" झालं. मग ते दीर, त्यांची म्हैस, त्यांच्या पोराचं न जमलेलं लग्न, सगळं निघतं. विमानातून एक माणूस उतरणार असतो आणि त्याला आणायला जीप भरून माणसं आलेली असतात. एकदा वारणानगरच्या एका पोराला आणायला आलेल्यांनी हलगी आणली होती. दारावरच्या राजस्थानी जवानाला हलगी म्हणजे काय ते कळेना. त्याने आधी ती वाजवून दाखवायला सांगितली आणि मग वाजवायला बंदी केली. आग विझवणारी आमची पोरं त्यांच्या गाडीच्या शेडमागे वांगी लावतात, कुणाच्या घरचा हुरडा आला की डबा टॉवरपासून गेटापर्यंत फिरतो. आणि मी, जिचा सगळा जन्म विमानं उतरण्याची हवा बघण्यात चाललाय, अजून एकदाही विमानात बसलेली नाही. भीती वाटते. कुणी हसायचं कारण नाही.

थंडीत आमचं खरं दुखणं धुकं नाही. धुकं काय, ऊन आलं की जातं. दुखणं आहे पाचट. ऊस तोडून नेला की रानात वाळलेल्या पाल्याचा गुडघाभर थर राहतो, त्याला पाचट म्हणतात. ते कुजवावं, खत होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी दरवर्षी सांगते, दरवर्षी सगळे "व्हय व्हय, बराबर हाय तुमचं" म्हणतात आणि निम्मे काडी लावतात. दुपारी लावली तर धूर वर जातो, वाऱ्यावर निघून जातो. पण दिवस मावळल्यावर लावली तर थंडीत तो धूर वर जातच नाही. रात्रभर जमिनीलगत बसतो, पहाटे धुक्यात मिसळतो आणि धावपट्टीवर गोधडी घातल्यासारखा पडून राहतो.

भांडून भांडून शेवटी आमचं एक ठरलं. कागदावर नाही, असंच. भिंतीलगतच्या रानवाल्यांनी काडी लावायच्या आधी मला फोन करायचा. "ताई, लावू का?" मी वारा बघायचा आणि सांगायचं, "आता लावा," नाहीतर, "आज हात लावू नका, उद्या जेवणं झाल्यावर बघू." माझ्या फोनवर थंडीभर हेच चालू. सणाच्या दिवशी पुरण वाटताना, पोराच्या शाळेत पालकसभेत, कुठेही. शाळेच्या बाईंनी एकदा ऐकलं, मी फोनवर म्हणत होते, "लावा, लावा, बिनधास्त लावा, पण सगळीकडनं एकदम नको." त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते अजून आठवतं.

आंबा ज्यांच्या रानात होता, ते मामा या शिस्तीतले पहिले. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. साठीच्या आसपासचे, बारीक, काटक, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा. मला ते 'हवंच्या ताई' म्हणायचे. कधी न विचारता त्यांनी काडी ओढली नाही. उलट दुसऱ्या कुणाच्या रानात धूर दिसला तर भिंतीपलीकडून ओरडायचे, "आरं, ताईस्नी इचारलंस का?" त्यांची बायको, आमच्या मामी, रोज सकाळी चहावाल्या काकूंना दूध घालायला गेटावर यायच्या आणि दहा मिनिटं टेकायच्या. घरात दोघांत मिळून एक फोन, तो मामांच्या खिशात. त्यामुळे मामींचं जे काही बोलायचं असे ते काकूंशी आणि माझ्याशी.

त्यांची एकच मुलगी. हैदराबादला नोकरी करत होती आणि तिथेच तिने लग्न केलं. मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, वडगावच्या बाजूचा, चांगला शिकलेला, चांगल्या पगाराचा, बौद्ध घरातला. मामा मराठा. पुढचं मी काय सांगू, आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मामांनी मारझोड केली नाही की आरडाओरडा केला नाही. त्यांनी बोलणंच बंद केलं. माणसाचा आवाज एवढा मोठा, आणि मुलीचं नाव निघालं की तो उठून गोठ्यात जायचा. तिचा फोन आला तर फोन मामींच्या हातात द्यायचे आणि बाहेर पडायचे. जावयाचं नाव त्यांच्या तोंडातून कधी आलं नाही. 'त्यो' सुद्धा म्हणत नव्हते.

मला याचा राग यायचा. मी एकदा तोंडावर बोलले, "मामा, रानात काडी लावायला मला विचारता, आणि स्वतःच्या घरात लावलेली कुणाला विचारून लावलीत?" ते म्हणाले, "ताई, तुमी हवा बघा." दोन आठवडे आमचं बोलणं नव्हतं. मग त्यांनाच ऊस तोडलेल्या एका तुकड्यासाठी फोन करावा लागला.

मग त्या मुलीला मुलगी झाली. मामींना नातीचा फोटो चहावाल्या काकूंच्या फोनवर यायचा. सकाळी दुधाची किटली खाली ठेवून त्या आधी फोटो बघायच्या, मग दूध मापायच्या. आम्ही सगळ्यांनी ते बाळ बघितलं होतं, आग विझवणाऱ्या पोरांनीसुद्धा. एक मामा सोडून.

गेल्या थंडीत एका सकाळी मामी आल्या त्या किटली ठेवायच्याही आधी बोलल्या. "येतीय ती. उद्याच्या इमानानं. पोरीला घिऊन."

"मामा हो म्हणाले?"

"व्हय म्हणाले. पर तिनं यावं, पोरीला आणावं म्हणाले. दुसरं कुणी नको. आन मी आणायला जाणार न्हाय म्हणाले." मामींनी पदराने नाक पुसलं. "ती मला म्हणाली, आई, मी येते. पण आबा दारात तोंड फिरवून बसले, तर मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार न्हाय, तशीच माघारी जाईन, आन पुन्हा येणार न्हाय. आता सांगा बाई, माझं कसं व्हायचं?"

काकूंनी त्यांना चहा दिला. त्यांची किटली उचलून दूध मीच मापून दिलं.

त्याच दिवशी दुपारी गच्चीवर गेले तर भिंतीपलीकडे वेगळंच दिसलं. मामांच्या रानात ऊस तोडणाऱ्यांची टोळी घुसली होती. आता ज्यांना ऊस माहीत आहे त्यांना कळेल, तोडीची पाळी आधी मिळवणं म्हणजे काय असतं. माणूस कारखान्याची तोडचिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या, टोळीवाल्याच्या महिनाभर मागे फिरतो. मामांची पाळी अजून लांब होती, हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा भिंतीलगतचा सगळा पट्टा मोकळा झाला होता आणि आंबा एकटा उभा होता. मला वाटलं, लावला असेल कुणाचा तरी वशिला. मी मनात म्हटलं, पोरगी उद्या येतेय आणि ह्या बाबाला ऊस सुचतोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे महामार्ग सोडून टेकाड चढायला लागले आणि स्कूटरच्या दिव्यापुढे भिंत उभी राहिली. नुसतं धुकं नाही. वास आला. गोडसर, जळका, घशाला खवखवणारा. तशीच गच्चीवर गेले. डोंगर नाही, चिमणी नाही, टाकी नाही. आंबा नाही. खाली धावपट्टीचे दिवेसुद्धा पुढचे दोन-चारच, बाकी सगळं पांढरं.

माझं डोकं फिरलं. फोन लावला मामांना. "मामा, रात्री काडी कुणी लावली?"

पलीकडे मामा खोकले. मग म्हणाले, "मीच."

"तुम्ही? मला न विचारता? मामा, इतकी वर्षं..."

"इचारलं असतं तर तुमी इचारलं असतं न्हवं, एवढी घाई का म्हणून." आवाज इतका खाली की मी पहिल्यांदा फोन कानाला लावून ऐकत होते. "मी गेटावर येणार न्हाय म्हणलोय, ताई. बोललोय ते बोललोय. पर हितनं, आंब्याखालनं, इमान टेकताना दिसतंय. मधी ऊस होता, म्हणून तोडला. पाचटात सापकिरडू असतंय, पाय कुठं ठेवायचा, म्हणून लावली काडी. लांबनं तरी बघावं म्हणलं. ती उतरंल, जिन्यावरनं. पोरगी कडंवर असंल."

शिव्या तोंडात आल्या होत्या त्या तशाच गिळल्या. लेकीला लांबून बघायला रान मोकळं केलं आणि त्याच रानाच्या धुराने तिचं विमान अडवलं. असा खुळेपणा जगाच्या पाठीवर आमच्या कोल्हापुरातच व्हायचा.

सूर्य उगवला पण दिसला नाही. गेटावर मामी आल्या होत्या, नवं लुगडं नेसून, पिशवीत भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन, बाळावरून ओवाळून टाकायला. टॉवरमधून साहेबांचा फोन आला, "मॅडम, काय दिसतंय?" हैदराबादचं विमान जवळ आलं होतं. मला, खोटं कशाला सांगू, अगदी मनापासून वाटलं, सांगावं टाकी दिसते म्हणून. पण वर त्या विमानात ते बाळ होतं, आणि बाकीचीही कुणाची तरी बाळंच की. मी सांगितलं, "काही दिसत नाही, साहेब. आंबासुद्धा नाही."

मी खाली गेटावर आले आणि आवाज आला. विमान डोक्यावर होतं, दिसत नव्हतं. गेटावरची सगळी माणसं, हातात चहाचे कप, माना वर करून पांढऱ्या आकाशाकडे बघत होती. आवाज एकदा गोल फिरला. पुन्हा एकदा फिरला. मग लांब लांब गेला आणि थांबला. मामींनी मला विचारलं, "गेलं?" मी मान हलवली. त्या तिथेच फरशीवर बसल्या.

विमान बेळगावला गेलं. हवा सुटली की परत येईल, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. पण कधी सुटेल ते कोण सांगणार? आणि सुटली नाही तर तिथूनच हैदराबादला माघारी. मी मामांना फोन करून तेच सांगितलं. लपवून काय करायचं होतं?

थोड्याच वेळात गेटावर दूध वाहायची पिकअप येऊन उभी राहिली, आणि आतून मामा उतरले. जे गेटावर येणार नव्हते, ते. अंगात राखेने काळं झालेलं बंडी-धोतर, डोक्याला टॉवेल, डोळे धुराने लाल. लेकीचा फोन लागत नव्हता. त्यांनी खिशातला फोन काढून मामींच्या हातात कोंबला. "तिचा आला तर उचल. मी बेळगावला निगालो."

"आवं, परत येईल म्हणत्यात की! जरा थांबा."

"थांबून काय करू? तिला वाटंल मीच धूर केलोय मुद्दाम. तिथनंच माघारी जाईल ती, तुझीच लेक हाय." माझ्याकडे एकदा बघितलं. मी म्हटलं, "मामा, सावकाश चालवा." त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. पिकअप धुरात घुसली आणि दिसेनाशी झाली.

आता हसावं की रडावं, पुढे झालं ते असं. ते निपाणी ओलांडून गेले असतील नसतील, इकडे ऊन तापलं, वारा सुटला आणि धूर फाटला. आधी आंबा दिसला, मग टाकी, मग चिमणी. मी स्वतः साहेबांना ओरडून सांगितलं. मामांना कसं कळवणार, फोन मामींच्या हातात. अकराच्या सुमाराला विमान परत आलं आणि असं अलगद टेकलं की काही झालंच नव्हतं.

ती बाहेर आली. फोटोत बघितली होती त्यापेक्षा बारीक. कडेवर बाळ, लाल टोपडं, डोळे एवढे मोठे. मामींनी भाकरतुकडा ओवाळला, पाणी टाकलं आणि मग दोघी मायलेकी अशा मिठी मारून रडल्या की दारावरच्या जवानाने तोंड फिरवलं. माझंही नाक वाहायला लागलं. थंडी होती म्हणा.

डोळे पुसून तिने आजूबाजूला बघितलं. "आबा?"

"बेळगावला गेल्यात. तुला आणायला."

तिचा चेहरा एकदम मिटला. "आई, उगं सारवासारव नको करू. आले नाहीत, तर नाहीत म्हण."

"आगं, खरंच गेल्यात!"

"मला आणायला? बेळगावला? जे फोनवर माझा आवाज ऐकत नाहीत ते?" तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "उतरताना जळून काळं पडलेलं रान मी वरून बघितलं, आई. धूर आपल्याच रानातला होता. दुपारचं विमान आहे परतीचं. तोपर्यंत बसू आपण इथंच. तू पोरीला घे, बघ, खेळव. मग मी जाते."

मला राहवलं नाही. मी कोण, हवेची बाई, पण मध्ये पडले. ऊस का तोडला, काडी का लावली, आंब्याखालून काय बघायचं होतं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण मला दिसत होतं, तिला विश्वास ठेवायची भीती वाटत होती. एकदा ठेवला आणि खोटा निघाला तर? म्हणाली, "ताई, तुम्ही चांगल्या आहात. पण तुम्ही आईच्या बाजूच्या आहात." मामी नात मांडीवर घेऊन नुसत्या बघत होत्या, लेकीच्या तोंडाकडे, मग गेटाकडे, मग पुन्हा लेकीच्या तोंडाकडे.

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी धावत आली. हातात स्वतःचा फोन, स्पीकरवर. बेळगावच्या काउंटरवरचा मुलगा बोलत होता. "मॅडम, इथे एक आजोबा आलेत. सगळे काळे झालेत, आम्हाला वाटलं कुठे आग लागली. मुलगी शोधतायत. आधी एक नाव सांगितलं, त्या नावाचा कुणीच पॅसेंजर नव्हता. माहेरचं सांगत होते बहुतेक. मी म्हटलं, आजोबा, तिकिटावर असेल ते पूर्ण नाव सांगा, त्याशिवाय आम्हाला काही सांगता येत नाही. मग लय वेळ गप्पच उभे राहिले. मग सांगितलं. ती तुमच्याकडे उतरलीय का?"

आणि त्याच्या मागून तो आवाज आला. तो हातभर लांबून ऐकायचा आवाज. मामांना वाटलं असणार, ह्या पोराला नीट ऐकू गेलं नाही. ते पुन्हा सांगत होते, ठासून. लेकीचं नाव. मग जावयाचं नाव. मग त्याच्या घराचं आडनाव. जे नाव त्या तोंडातून कधी आलं नव्हतं ते बेळगावच्या विमानतळावर सगळ्या परक्या माणसांसमोर, अख्खंच्या अख्खं. "अशी माझी पोरगी हाय! तिचा बाप हाय मी! हाय का तिथं, इचारा की!"

ती सामानाच्या ढकलगाडीवर बसली. तोंडावर हात दाबून धरला, तरी आवाज फुटला. मग फोन ओढून घेतला आणि ओरडली, अगदी बापासारखी, "आबा! मी हाय हितं! कोल्हापुरात!"

पलीकडून लगेच उत्तर आलं. "तितंच थांब. हलू नगंस. आलोच."

मामींनी घरी चल म्हटलं, बाळ दमलंय म्हटलं. ती म्हणाली, "नाही. त्या घरातून बाहेर पडताना मी एकटी पडले होते. आत जाताना आबा बरोबर पाहिजेत." मग काय, सगळेच थांबले. माझी ड्यूटी संपली होती, मी घरी फोन करून सांगितलं, कुकर तुम्हीच लावा. काकूंनी बाळाला दूध गरम करून दिलं. आग विझवणाऱ्या पोरांनी शेडमागची वांगी भाजून भरीत केलं, भाकरी कुणाच्या डब्यातल्या ते मी विचारलं नाही. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं आणि राजस्थानी जवानाकडे गेलं की टोपी ओढत होतं. दुपारचं परतीचं विमान आमच्यासमोरून गेलं. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

मामा आले तेव्हा दोन वाजून गेले असतील. पिकअपमधून उतरले, लेक दिसली आणि पाऊल थांबलं. मग सरळ नळाकडे गेले. तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत चोळून चोळून धुतले, टॉवेलने पुसले. मग जवळ आले आणि दोन्ही हात पुढे केले. तिने बाळ दिलं. बाळाने त्यांच्या मिशीला हात घातला. मामांचे डोळे भरून वाहत होते, त्यांनी ते पुसलेच नाहीत. मामी म्हणाल्या, "आवं, बोला की कायतरी!"

मामा लेकीला म्हणाले, "फोन लाव."

"कुणाला?"

"कुणाला काय? पोरीच्या बापाला."

तिने फोन लावून त्यांच्या कानाला धरला. मामा एका हातात नात घेऊन जरा बाजूला गेले, पण त्या आवाजाला बाजू कुठली. सगळ्या आवाराला ऐकू येत होतं. "व्हय, मीच बोलतोय. तिचा बाप." मग पलीकडचं ऐकून घेतलं. मग, "न्हाय, न्हाय, पोचली, दोघी बी झ्याक हाइत. ऐका की, पावणं. उद्याच्या इमानाचं तिकीट बघा. व्हय, तुमी. तुमीच या. मी हाय गेटावर." आणि मान वर करून त्यांनी चारी बाजूंना नीट बघितलं, मी बघते तसं. "व्हय, या बिनघोर. हवा चांगली हाय."